दगडांची बैठक

"माशांच्या काचेच्या पेटीतले चार दगड टिकले नाहीत, आणि विहीर बांधायला निघालेत!" शरच्चंद्र फरशीवरचं पाणी पोत्याने टिपत ओरडला. "नाना, अहो कुणाच्या जिवाशी खेळ होईल!"

"माशांशी झालाच की," कृष्णराव म्हणाले. ते भिंतीला टेकून बसले होते.

"त्यांना कशाला बोलतोस?" भानुमतीबाई मुलावर डाफरल्या. "दोन बादल्या पाणी सांडलं तर एवढा तमाशा!"

"आई, तू खामखा त्यांची बाजू घेऊ नकोस. काच फुटली. सुमन तिथेच खेळत असते. तिच्या अंगावर आली असती म्हणजे?"

नातीचं नाव निघालं, तशा भानुमतीबाई काचा वेचायला वाकल्या. सून मंगलाने तडफडणारे दोन मासे उचलून बादलीत सोडले. बाकीचे पाच केव्हाच गेले होते.

कृष्णराव होळकरांच्या वेळचे ओव्हरसियर. धरणाचे बंधारे, घाट, विहिरी, सगळं दगडाचं काम. पुढे मध्यप्रदेश झाला, कचेऱ्या भोपाळला गेल्या, आणि त्यांनी इंदूर सोडायचं नाही म्हणून वेळेआधी निवृत्ती घेतली. बडा गणपतीजवळच्या घरात बसून बसून माणूस वाळत चालला, तेव्हा त्यांनी लोखंडी चौकटीत काचा बसवून ही पेटी केली. दगड निवडायला त्यांना महिना लागला. प्रत्येकावर लिंबू पिळायचे. फेस आला की चुन्याचा, तो दगड बाद. धारेचा दगड बाद. मग तळाला फुटक्या पाटीचा तुकडा, त्यावर मोठे दगड, त्यांना बोटाने ढकलून पाहायचं, आणि वाळू सगळ्यांत शेवटी. "वाळूवर दगड ठेवायचा नाही," ते मंगलाला सांगत. "सोनेरी मासा दिवसभर तोंडाने उकरतो. दगडाची बैठक पक्की पाहिजे."

गेल्या वर्षीच्या तापानंतर त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. तरी गौतमपुऱ्याच्या उदयसिंहांनी निरोप धाडला, 'साहब, कुएँ का काम आप ही देखो,' तेव्हा कृष्णरावांनी किती दिवसांनी भिंतीची सरळ बघायचा ओळंबा काढून पुसला. शरच्चंद्राचा विरोध होता. भानुमतीबाईंनाही भीती वाटे. उघड्या विहिरीच्या काठावर हा थरथरता माणूस!

म्हणूनच आज सकाळी त्यांनी खरी गोष्ट सांगितली नाही.

दगड कुणी हलवला ते त्यांना ठाऊक होतं. पेटीतला मधला गोटा महेश्वरहून आणलेला, नर्मदेचा. नर्मदेचा प्रत्येक कंकर शंकर; तो माशांत ठेवला म्हणून त्या आठ दिवस नवऱ्याशी बोलल्या नव्हत्या. शेवटी तोड निघाली: श्रावणी सोमवारी गोटा बाहेर काढायचा, अभिषेक करायचा, मग कृष्णराव तो आपल्या हाताने परत बसवणार. या सोमवारी मात्र ते विहीर बघायला गौतमपुऱ्याला गेले होते. भानुमतीबाईंनी स्वतःच बाही वर करून गोटा पाण्यात सोडला. देवाला गळ्यापर्यंत वाळूत पुरायचं त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी वाळू हाताने सपाट केली, आसनासारखी, आणि देव वर बसवला. आडवा दगड त्याला टेकवून दिला. दिसायलाही छान दिसलं. गुरुवारपर्यंत माशांनी खालची वाळू उकरली, आज सकाळी गोटा घरंगळला आणि आडवा दगड काचेवर गेला.

आता ते विहिरीवर जाणार नाहीत, या विचाराने त्यांना आधी हायसंच वाटलं होतं.

दुपारी त्या पडवीत आल्या, तर कृष्णराव जमिनीवर तेच दगड रचत होते. दोन उभे, एक आडवा. हात थरथरला, दगड पडला. पुन्हा उचलला. पुन्हा पडला. त्यांनी उजवा हात मांडीखाली दाबून धरला आणि डाव्याने सुरुवात केली.

भानुमतीबाईंना पाहवेना. "अहो, तुमचं काही चुकलं नाही. सोमवारी देव मी ठेवला. वाळूवर ठेवला."

कृष्णराव त्यांच्याकडे बघून हसले. "किल्ली हरवली, तेव्हाही तूच हरवली होतीस. दूध उतू गेलं, तेही तूच घालवलंस."

"ते खोटं होतं. हे खरं आहे."

"असू दे."

"नर्मदामाईची शपथ!"

"शपथ नको घेऊ गं, माझ्यासाठी." त्यांनी दगड बाजूला सारला. "वर्षभर मला सांभाळते आहेस. कळतं मला."

भानुमतीबाईंनी शरच्चंद्रालाही सांगून पाहिलं. वह्या तपासताना त्याने मान वर केली नाही. "आई, किती वेळा त्यांचं आपल्या अंगावर घेशील?" मंगलाने नुसतं सासूच्या पाठीवरून हात फिरवला, त्या हाताने तर भानुमतीबाईंना रडूच आलं. इतके दिवस त्या नवऱ्यासाठी खोटं बोलल्या आणि सगळ्यांनी ते खरं असल्यासारखं चालवून घेतलं. आज खरं सांगत होत्या, तर तेही त्यातच जमा.

संध्याकाळी पानं मांडली. डाव्या हाताने जेवायचं कृष्णरावांना पटत नव्हतं, आणि उजव्याने वरण सांडत होतं. भानुमतीबाईंनी वाटी पुढे सरकवली, तशी त्यांनी ती हळूच परत केली.

"शरद," ते म्हणाले, "उदयसिंहांना उद्या पत्र टाक. मी येत नाही. विहिरीला दुसरा माणूस बघा म्हणावं."