ल्यूशोत गेलेली कोल्हापुरी

शनिवारी सकाळी वोल्फ्सबुर्गहून निघताना आई गाडीत बसल्या बसल्या म्हणाली, "फिरवून आण, पण सांजच्याला माझं तिकीट अलीकडचं करून टाक. मला गावाकडं जायचंय."

कारण ती आधीच सांगून बसली होती. इथं रस्ते आहेत, गाड्या आहेत, माणसं नाहीत. शेजारीण जिन्यात 'हालो' म्हणते आणि दार लावून घेते. आता मी गाड्यांच्या दारांचं डिझाइन करते, आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर आहे (हे मी कुणी न विचारताही सांगते), आणि माझ्याच आईला माझ्याकडे करमत नाही, हे मला झोंबलं होतं. म्हणून बेत असा, की तिला एक जुनं, देखणं गाव दाखवायचं आणि संध्याकाळच्या आत तिचं मन वळवायचं. गाव निवडलं ल्यूशो. क्राइसश्टाट्ट (जिल्ह्याचं ठिकाण).

चूक तिथंच झाली. जिल्ह्याचं ठिकाण म्हटल्यावर आईच्या डोळ्यांपुढं सांगली आली. वळणावळणाने, बटाट्याच्या शेतांमधून आम्ही आत शिरलो तरी ती विचारतेय, "जिल्हा कुठाय?"

"हाच."

"ह्यो? आपल्या आठवडी बाजारात मुतारीपुढं याहून जास्त माणसं असतात."

मी इतिहास सुरू केला. इथं पूर्वी वेंड नावाचे स्लाव लोक राहायचे, त्यांची भाषा बोलणारं आता कुणी उरलं नाही. दोनेकशे वर्षांपूर्वी मोठी आग लागली, राजवाडा जळाला, एक गोल बुरूज तेवढा वाचला. प्रवासी रेल्वे होती, तीही बंद पडली. कचेरी या गावात, पण गाड्यांच्या नंबरप्लेटवर अक्षरं शेजारच्या डानेनबर्गची.

"आणि हे गप बसले?" आईला पहिल्यांदाच इतिहासात रस वाटला. "आपल्याकडं उपोषणाला बसले असते."

आगीनंतर नव्यानं बांधलेल्या घरांचे लाकडी सांगाडे भिंतीतून बाहेर दिसतात. एका दारावरच्या तुळईवर घर बांधणाऱ्याचं आणि त्याच्या बायकोचं नाव कोरलेलं होतं. मी वाचून दाखवलं. "बाईचं पण?" म्हणून आई तिथं जरा रेंगाळली. मला वाटलं, जमतंय.

मग चर्च आलं. आईनं पायातली नवी कोरी कोल्हापुरी काढली. देवाच्या पायरीवर नको म्हणून शेजारच्या घराच्या पायरीवर ठेवली. तिथं कप, कुंडी असलं काहीबाही भरलेलं एक खोकं होतं, त्याला लागून.

"राहील ना गं?"

"आई, ही जर्मनी आहे. आपलं देऊळ नाही. इथं सोनं ठेवलंस तरी कुणी हात लावणार नाही."

नमस्कार करून बाहेर आलो. खोकं होतं. चप्पल नव्हती.

आईनं खोक्यात वाकून बघितलं. मग माझ्याकडे. त्यापेक्षा शिव्या परवडल्या.

समोरच्या बेकरीत विचारायला गेलो. काउंटरवरच्या बाईनं आईच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. "आल्झो, म्हणजे ती चामड्याची भारतीय सँडल? सोनेरी गोंड्याची? आत्ता रेनाटे सगळ्यांना दाखवत गेली. 'त्सु फेरशेंकेन'मध्ये सापडली म्हणे."

त्सु फेरशेंकेन (फुकट द्यायचंय, घेऊन जा). नको असलेल्या वस्तू इथं लोक खोक्यात घालून दाराशी ठेवतात आणि वर तशी चिठ्ठी लावतात. चिठ्ठी होती. मी वाचली नव्हती. एवढं शिकून खोकं वाचता आलं नाही, हे आईनं लगेच सांगून टाकलं.

रेनाटे जवळच्याच खेड्यात राहते, असं बेकरीवालीनं सांगितलं आणि रस्ताही. ते खेडं रुंडलिंग (गोल वस्ती) निघालं. मधे मोकळं मैदान, भोवती घरं, सगळ्यांची तोंडं आतल्या बाजूला. आई गाडीतूनच म्हणाली, "म्हणजे कुणाकडं काय शिजलं ते सगळ्यांना कळत असंल!"

रेनाटे अंगणातच होती. सत्तरीची, उंच, पायात आमची कोल्हापुरी आणि चाल लंगडी. मी सांगितल्यावर ती लालबुंद झाली. "ओ गॉट! मला वाटलं..." म्हणत चप्पल काढायला वाकली.

"थांब," आई म्हणाली. "चावलीय की हिला. अंगठ्याला बघ. घरात तेल हाय का विचार."

एरंडेल नव्हतं. मोहरीच्या भावकीतल्या राप्स नावाच्या बियांचं तेल निघालं. आई बाकावर बसली, चप्पल मांडीवर घेतली आणि पट्ट्याला तेल चोळू लागली. रेनाटे शेजारी टेकली. समोरच्या दारातून एक आजोबा आले, मग दोन बायका, एकीच्या हातात आलुबुखारांचा केक. आई मराठीत सांगत होती, ते जर्मनमध्ये विचारत होते. "तेल मुरेस्तोवर घालायची न्हाई, काय?" "जा, जा, गेनाऊ!" (हो, हो, बरोबर!) आजोबा मान डोलवत होते. मी भाषांतराला तोंड उघडलं.

"तू गप," आई म्हणाली. "तुझं जर्मन लई कागदी हाय."

निघताना चप्पल तेल मुरायला रेनाटेच्या ओसरीवरच राहिली. आई परतली ती तिच्या बागकामाच्या हिरव्या रबरी चपला घालून.

परतीच्या वाटेवर मी उगीच बुरुजाचा विषय काढला. तो बघायचाच राहिला होता. आईला त्याचं काही नव्हतं. मी तिला जर्मनी दाखवत होते, जळलेलं, मोडलेलं, कोरलेलं. तिला कुणीतरी दार उघडून काय चाललंय म्हणून विचारायला हवं होतं. एवढी साधी गोष्ट. आणि मी तर दारांचीच इंजिनिअर.

घरी येऊन लॅपटॉप उघडला. "तिकीट कधीचं करू?"

"कशाचं तिकीट? रेनाटेला बोटं मोजून सांगितलंय, बुधवारी येते म्हणून. तेलाचा दुसरा हात द्यायला पायजे."

"बुधवारी मला ऑफिस आहे."

"मग मी जाते की. जिल्ह्याचं गाव हाय, यष्टी असंलच."

शोधलं. आधी रेल्वे, मग दुसरी रेल्वे, आणि शेवटी त्या खेड्यात जाणारी एकच बस, तीही शाळेच्या पोरांची.

"बरं झालं," आई म्हणाली. "बोलायला सोबत झाली."

मी बॉसला बुधवारच्या रजेचा मेल टाकला.