पहिल्या ओळीतलं नाव

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. सून मला सगळं विचारते, मीही तिला सगळं सांगते – गुडघा नेमका कुठे दुखतो, धाकट्या जावेशी मी तीन वर्षं का बोलत नव्हते, सगळं. पण हे नाही. तिला सांगितलं तर ती म्हणेल, "जाऊ द्या हो आई, किती जुनी गोष्ट." आणि ते मला ऐकायचं नाहीये. तुम्ही आपलं नुसतं ऐका. वाचणारा मधे बोलत नाही, हे एक बरं असतं.

तर – कुठून सुरू करू? आनंदाच्या बाजूनेच करते. कारण खरं सांगायचं तर या गोष्टीत आनंदच जास्त आहे. आणि तीच अडचण आहे.

इंदूरजवळच्या राऊ गावाच्या बाजूला एक इंजिनिअरिंग कॉलेज आहे, नाव काय करायचंय. तिथल्या लायब्ररीत मी एकवीस वर्षं होते. पुस्तकं द्यायची, घ्यायची, परत आलेली नंबराप्रमाणे शेल्फवर लावायची. शिक्षण माझं अकरावी. बाकी सगळं बघून, विचारून, चुकून. सकाळी जुन्या इंदुरातून कॉलेजची बस पकडायची, संध्याकाळी उतरायचं. कॉलेजात एक सोय होती – स्टाफपैकी कुणालाही एका सत्रात एक विषय वर्गात बसून शिकता यायचा, परीक्षेसकट. माझ्या बघण्यात कुणी ती वापरली नव्हती. मी अठ्ठावन्नाव्या वर्षी वापरली. विषय घेतला पहिल्या वर्षाचा – प्रोग्रामिंग.

ऑफिसातल्या तिवारीजींनी माझा अर्ज हातात धरून चष्म्यावरून बघितलं. "काकू, भजन मंडल कम पड़ गया क्या?"

मी म्हटलं, "भजनात परीक्षा नसते ना, तिवारीजी."

पहिल्या दिवशी पाटणकर सरांनी सगळ्यांना दोन पानी कागद वाटला. या विषयाचे नियम. पोरांनी त्याची घडी घालून वहीत कोंबली. मी तो बसमध्ये दोनदा वाचला आणि घरी जाऊन तिसऱ्यांदा. तुम्ही हसाल, पण माझे आजोबा संस्थानात कारकून, वडील कचेरीत. आमच्याकडे लोक पोथीसारखे नियम वाचतात. आणि हे नियम किती छान होते, सांगू? प्रत्येक आठवड्याचा प्रोग्राम रविवारी संध्याकाळपर्यंत द्यायचा. पण पूर्ण सत्रात तीन दिवस उशीर माफ – कारण विचारणार नाही. कारण विचारणार नाही! चाळीस वर्षं संसार केला, कारण न सांगता मी कधी भाजीला पाच मिनिटं उशीर केला नव्हता. एकमेकांशी बोला, डोकं लढवा, फळ्यावर चित्रं काढा – पण प्रोग्राम आपापल्या हाताने लिहा. आणि पहिल्या ओळीत, ज्याने मदत केली त्याचं नाव लिहा. मदत घेणं गुन्हा नाही, लपवणं गुन्हा आहे. दुसऱ्याचा प्रोग्राम उतरवला तर शून्य, आणि पुढच्या वर्षी लॅबमध्ये मदतनीस म्हणून जी सहा मुलं निवडतात, त्यांत उतरवणाऱ्याचं नाव येणार नाही.

मी सरांना सांगितलं, मला वयाची सवलत नको. ते म्हणाले, "कागदावर सवलत लिहिलेलीच नाही, काकू." इतकं बरं वाटलं मला. 

आणि काय मजा आली म्हणून सांगू. माझा पहिला प्रोग्राम चालला तेव्हा मी लॅबमध्ये उभी राहिले आणि शेजारच्या पोराच्या पाठीवर थाप मारली; तो बिचारा घाबरला. पहिल्या ओळीत मी लांबलचक लिहायची – "मदत: रोहन, पलक, आणि बसमधली निळ्या स्वेटरची मुलगी, नाव विचारायचं राहिलं." सरांनी ती ओळ वर्गात वाचून दाखवली. म्हणाले, "काकूंकडून शिका. मदत अशी लिहितात." सगळी पोरं माझ्याकडे वळून बघायला लागली. मला ते आवडलं. इथेच थोडं थांबा – मला ते फार आवडलं. ही गोष्ट लक्षात असू द्या.

उशिराचे तीन दिवस मी कसे उडवले, तेही सांगून टाकते. एक रंगपंचमीला – गेर, म्हणजे आमची रंगांची मिरवणूक, बघायला गेले, डोळ्यांत गुलाल गेला. एक नणंद देवासहून आली तेव्हा. आणि तिसरा? तिसरा उगाच. काही काम नव्हतं, आजारी नव्हते. दुपारी गच्चीवर सतरंजी टाकून लोळले, कारण कुणी विचारणार नव्हतं.

आता पलकबद्दल. वर्गात ती माझ्या शेजारी बसायची. शाजापूरकडची, हिंदी मीडियमची, पहिला महिनाभर तोंड उघडलं नाही तिने. मग लायब्ररीत माझ्या टेबलाशी येऊन बसायला लागली. माझ्या डब्यातली पोळी खायची आणि मला लूप समजावायची – तेच काम प्रोग्रामकडून पुन्हा पुन्हा करून घ्यायचं, ते. एक लूप दुसऱ्याच्या पोटात कसा फिरतो, हे तिने मला चहाचे कप आणि बशा मांडून शिकवलं. तिला एकच ध्यास – ते मदतनीसांचं. म्हणायची, "काकू, अगले साल भी मेरे जैसे आएँगे ना, जो पूछने से डरते हैं. मैं लैब में बैठूँगी तो पूछेंगे." सरांनी तिला जवळपास सांगूनच ठेवलं होतं, की तुझं नाव आहे.

मग आला तो सातवा प्रोग्राम. पुस्तकांचे नंबर द्यायचे, आणि प्रोग्रामने ते क्रमाने लावायचे. मी खूश. एकवीस वर्षं दुसरं काय केलं होतं? हातात गठ्ठा, शेल्फच्या उजव्या टोकापासून सुरू, पुस्तकं एकेक सरकवत यायचं, आणि जागा मिळाली की नवीन पुस्तक आत. डोळे मिटून करायची मी. पलकने एकदा मला ते करताना बघितलं होतं आणि जागच्या जागी उडी मारली होती – "काकू, यही तो है!" तिने तसाच प्रोग्राम लिहिला. उजवीकडून सुरू होणारा. वर्गात दुसऱ्या कुणाचाच तसा नव्हता.

आणि माझा? माझा चालेचना. हातांना येत होतं ते मला सांगता येईना. दर वेळी शेवटचं पुस्तक गायब व्हायचं. शनिवारी पलकने स्वतःच्या प्रोग्रामचा छापलेला कागद माझ्यापुढे ठेवला, ओळ न् ओळ समजावली, म्हणाली, "देख लो, समझ लो, फिर खुद लिखना." बस पकडायच्या घाईत कागद माझ्याकडेच राहिला.

रविवारी दुपारी मी घरी बसले. चार वेळा लिहिलं, चार वेळा शेवटचं पुस्तक गायब. उशिराचा एकही दिवस शिल्लक नाही. अर्धा देता आला असता की. न चालणारा देता आला असता – त्याचेही अर्धे मार्क होते, कागदावर तसं लिहिलं होतं. पण काकूंचा प्रोग्राम न चालणारा? ज्या काकूंकडून शिकायचं, त्यांचा? 

मी पलकचा कागद कीबोर्डशेजारी ठेवला आणि उतरवला. जसाच्या तसा. तिने ज्याला 'किताब' म्हटलं होतं, त्याला मी 'पुस्तक' म्हटलं. तिच्या 'जगह'ला 'जागा'. हिंदीचं मराठी केलं, बस. चालवला – चालला. आणि पहिल्या ओळीत "मदत:" लिहून पुढे काही लिहिलं नाही. तिचं नाव लिहिलं तर सर दोन्ही शेजारी ठेवून बघतील, हे मला कळत होतं. अगदी नीट कळत होतं. गोंधळ झाला, विसरले, असं काही नाही.

पण अजून ते झालेलंच नाही, जे मला सांगायचंय. उतरवणं तर काय – 

बुधवारी सर लायब्ररीत आले. हातात दोन कागद. उभ्याउभ्याच म्हणाले, "काकू, तुमचा आणि पलकचा एकच आहे. शेल्फ उजवीकडून लावणं हे तुमचंच डोकं, ते मला दिसतंय. तिने वर लिहिलंयही." आणि कागद माझ्यापुढे केला. पलकच्या पहिल्या ओळीत लिहिलं होतं – "मदत: लायब्ररी वाली काकू."

तिने नियम पाळला होता. मला शेल्फ लावताना बघून तिला सुचलं, म्हणून तिने माझं नाव लिहिलं. आणि माझ्या कागदावर ती जागा कोरी. आता तुम्हीच सांगा, दोन्ही कागद शेजारी ठेवल्यावर सरांना काय वाटणार?

सर म्हणाले, "मी तिला विचारलं, तू उतरवलंस का. नाही म्हणते. पुढे काही बोलत नाही. एवढंच म्हणते की काकूंना विचारा, त्या सांगतील."

त्या सांगतील.

मी काय म्हटलं, सांगू? मी म्हटलं, "ती माझ्याशेजारीच बसते, सर."

एवढंच. यात खोटं काही नाही. ती बसायचीच शेजारी. सरांनी मान हलवली, "वाटलंच मला" म्हणाले आणि गेले. जाताना वर असंही म्हणाले की तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, तुमचा स्वभावच द्यायचा आहे. मी वाईट वाटून घेतल्यासारखा चेहराही केला.

पलकला शून्य मिळालं. मदतनीसांची यादी लागली, त्यात सहा नावं होती, तिचं नव्हतं. ती माझ्याशी भांडली नाही. लायब्ररीत यायची, पुस्तक द्यायची, घ्यायची. फक्त टेबलाशी बसायची नाही. आणि मला काकू म्हणायचं तिने सोडलं. "मॅडम, ये जमा कर लीजिए." अख्ख्या कॉलेजात मला मॅडम म्हणणारी ती एकटी.

मनाशी मी पुष्कळ बोलून बघितलं. कल्पना तर माझीच होती ना? उजवीकडून लावायची रीत कुणाची? माझी. मग? मग काही नाही. रीत माझी होती, प्रोग्राम तिचा. तो लिहायला तिला येत होतं, मला येत नव्हतं. सत्र संपायला पाच आठवडे होते, सरांची केबिन लायब्ररीच्या वरच्याच मजल्यावर, चोवीस पायऱ्या. त्यानंतरही सर मला दोन-तीनदा भेटले, एकदा तर छत्रीबागेत एका लग्नात, शेजारी बसून जेवलो आम्ही. म्हणाले, "अजून लिहिता का प्रोग्राम?" मी म्हटलं, लिहिते की. आणि लिहितेच. मंडळाच्या बायकांची भिशी-वाढदिवसांची यादी, सोसायटीच्या पाण्याच्या पाळ्या, सगळं माझं प्रोग्रामवर चालतं. त्या लग्नात मी सरांना आग्रह करकरून जिलेबी घ्यायला लावली, पण हे सांगितलं नाही.

पलकचं पुढे चांगलं झालं म्हणे. पुण्यात आहे, मोठ्या हुद्द्यावर. तिवारीजींनी सांगितलं होतं. ऐकून मला हायसं वाटायला लागलं, तसं मी स्वतःला थांबवलं. तिचं भलं तिने केलं. ते माझ्या खात्यात कशाला?

आता उरलेलं. हेच सांगायला इतकी फिरले.

अशा गोष्टींत लोक लिहितात ना, की त्यानंतर मन खात राहिलं, घास उतरेना, यश कडू लागलं. मलाही तसं लिहायला आवडलं असतं. पण तसं झालं नाही. निकालाच्या दिवशी सरांनी वर्गात माझं नाव वाचलं – वरून तिसरा नंबर. पोरांनी बाकं वाजवली. मी दोन किलो जिलेबी नेली होती, सगळ्यांना हाताने दिली. पलकपुढेही डबा धरला. तिने एक तुकडा घेतला, "बधाई हो, मॅडम" म्हणाली. मी ते ऐकलं, मला समजलं, आणि मी डबा पुढच्या बाकाकडे नेला. 

बसमध्ये पोरांनी मला गायला लावलं. राऊपासून जुन्या इंदुरापर्यंत मी गात आले, टाळ्या काय, हसू काय. घरी आल्यावर निकालाचा कागद देवापुढे ठेवला, साखर ठेवली आणि पोटभर जेवून छान झोपले.

माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांत तो दिवस आहे. अजूनही आहे.