बाबांचं कोरडं पोट

जळकोटच्या माळावर येशूच्या सभांचा तंबू उभा राहिला तेव्हा मी नुकतीच मॅट्रिक झाले होते आणि आनंदानं वेडं व्हायला मला एवढंसं कारण पुरायचं. इथं तर ढोल होता, कीबोर्ड होता, जनरेटरवर लखलखणाऱ्या ट्यूबलाइटा होत्या. ऐंशीच्या दशकातली ती कोरडी वर्षं. विहिरींनी तळ दाखवलेला, गावाला पाणी टँकरनं यायचं. त्यात हा तंबू म्हणजे जत्राच!

आमचं घर लुथरन, म्हणजे जुन्या वळणाचं ख्रिस्ती. पणजोबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून तेलुगू मुलखातून आले आणि इथलेच झाले. पाळकसाहेब महिन्या-दोन महिन्यांनी सोलापूरहून एसटीनं यायचे आणि आमच्याच ओसरीवर उपासना घ्यायचे. तीच पुस्तकातली प्रार्थना, तीच संथ गीतं. साहेबांचा सूर वर चढला की मी आणि आई एकमेकींकडं बघायचं टाळायचो, कारण हसू एकदा फुटलं की आवरत नसे. अशा घरातल्या पोरीला तंबूत टाळ्या पिटत नाचायला मिळालं, मग काय विचारता! मी रोज पहिल्या रांगेत.

आईही एकदा येऊन बघून गेली. "लई झ्याक वाजवत्यात," घरी येताना ती म्हणाली. "पर गाण्यात देव कुठं हाय गं? म्या आलो, म्या दिलं, म्या ठरवलं. त्यो बिचारा नुसता बसून बघतुय."

तंबूतले प्रचारक, सगळे त्यांना ब्रदर म्हणत, माणूस मोठा प्रेमळ. पण रोज माईकवरून एकच सवाल: "तुमचं तारण कोणत्या दिवशी झालं? साक्ष द्या!" तारण म्हणजे पापातून सुटका. मग एकेक जण उठायचा. कुणी दारू सोडलेली, कुणी पत्ते. एकानं तर तारणाची वेळ सांगितली, उमरग्याची एसटी यायच्या जरा आधीची. मला त्या साक्षी सिनेमापेक्षा आवडायच्या.

बाबांपाशी सांगायला काहीच नव्हतं. ते दूध सोसायटीत दूध तपासायला होते. दारू नाही, पत्ते नाहीत, व्यसन म्हणाल तर चिमूटभर तपकीर. तान्हे असताना डोक्यावर पाणी शिंपडून त्यांचा बाप्तिस्मा झाला, तेव्हा ते गाढ झोपलेले होते म्हणे. यात साक्ष काय देणार?

पण सवाल त्यांच्या मनाला लागला. दुधात लॅक्टोमीटर सोडावा तसे ते रोज सकाळी स्वतःला तपासू लागले. आज आनंद वाटतोय का? कालच्यापेक्षा कमी की जास्त? आरशापुढं उभं राहून टाळ्यांचा सराव करायचे, त्याही तालात पडत नसत. मी दाराआड तोंडात पदर कोंबून हसायची.

एका संध्याकाळी मात्र माझं हसू जागच्या जागी विरलं. चुलीपाशी बसून बाबा आईला म्हणाले, "बाकीचे रडत्यात, थरथरत्यात. मला कायबी व्हत न्हाय. माझं तारण झालंच नसंल तर?" त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मला त्या तंबूचा संताप आला. आई भाकरी थापायची थांबली.

ब्रदरांकडं उपाय तयार होता. लहानपणी शिंपडलेलं पाणी धरायचं नाही. आता पूर्ण बुडून बाप्तिस्मा घ्यायचा. पण त्या साली बुडायला पाणी होतं कुठं? मग तंबूमागं खड्डा खणला, त्यात ताडपत्री अंथरली आणि शेजारच्या तालुक्यातून टँकर मागवला.

टँकरची बातमी बायकांपासून लपते होय? पाइप खड्ड्यात सुटला न सुटला तोच घागरी, हंडे, कळशा घेऊन अर्धं गाव धावलं आणि त्यांत सगळ्यांच्या पुढं हंडा घेऊन माझी आई! ब्रदर खरंच भला माणूस. "घ्या, बायांनो, आधी तुम्ही घ्या," असं तेच म्हणाले. बायकांनी शब्द तंतोतंत पाळला.

खड्ड्यात उरलं ते घोट्याएवढं. त्यात पांढऱ्या धोतरातले बाबा, आमच्यातून बुडायला आलेले एकटेच, गंभीर चेहऱ्यानं आडवे झाले. पाठ भिजली, पोट कोरडं. ब्रदरांनी पोट दाबलं तर गुडघे वर आले. गुडघे दाबले तर डोकं वर आलं. माझ्या पोटात कळा यायला लागल्या हसून. अखेर बायका हसल्या, तंबूवाले हसले, आणि चिखलात पडलेले बाबाही खदखदून हसले.

"पोट कोरडं राहिलं, काका," ब्रदर कळवळून म्हणाले. "असं धरता येणार नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा करू."

बाबा उठून बसले. हसू एकदम थांबलं. "ब्रदर, हे माज्या पोटावर अडलंय व्हय? मग तारणारा कोण, त्यो का म्या?"

 बाबा खड्ड्यातून बाहेर आले आणि निथळत आमच्याबरोबर घराकडं निघाले.  वाटेत आईकडं न बघता ते पुटपुटले, "पर ल्हानपणी पानी शिंपडलं तवा म्या झोपलो व्हतो गं."

"बरंच झालं की," आई म्हणाली. "जागं असता तर मधी मधी केलं असतं तुमी."

बाबा रस्त्यातच थांबले. "म्हंजी म्या कायबी केलं न्हाय?"

"कायबी न्हाय."

बाबांचा उजळलेला चेहरा मी अजून विसरले नाही. आता ते तंबू मोठाल्या हॉलमध्ये गेलेत, रंगीत दिवे आलेत, आणि सवाल तोच आहे. तो ऐकला की मला माझे बाबा दिसतात. त्या दिवशी तिथंच रस्त्यात त्यांनी आईच्या कमरेवरचा भरला हंडा काढून स्वतःच्या खांद्यावर घेतला. बाप्या माणसानं गावातून पाणी वाहणं तेव्हा हसण्याचा विषय होता. लोक हसलेच. बाबा हंडा डचमळवत, सगळ्यांना रामराम घालत पुढं चालले होते आणि पाणी त्यांच्या पोटावर सांडत होतं, तिकडं त्यांचं लक्षही नव्हतं.