दोन डाव्या बाह्या

मास्तरांनी साठ वर्षं लोकांचे कपडे शिवले, आणि एवढ्या वर्षांत कापताना कापड उलटायला ते एकदाच विसरले. एकदाच! पण त्या एका चुकीची त्यांच्या मुलाने अशी दवंडी पिटली, की काही विचारू नका.

झालं असं. मुलाला ऑफिसातल्या समारंभासाठी कोट हवा होता. ब्याऐंशी वर्षांचे मास्तर हौसेने टेप घेऊन उभे राहिले. मापं घेताना त्यांना दिसलं, याचा उजवा खांदा उतरलाय. चालताना डावा हात हलतो, उजवा नुसता लोंबतो. शर्टाचं एक बटण लावायला या छप्पन वर्षांच्या बाप्याला मिनिटभर लागतंय. त्यांच्या जुन्या कारागिराचं अस्संच सुरू झालं होतं आणि पुढे कंपवाताने त्याला सुई धरवेना. त्या काळजीत कापड न उलटताच दुसऱ्या बाहीवर कात्री चालली आणि दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या.

संध्याकाळी पोराला सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं. पण त्याने बोलू दिलं तर ना! बाह्या बघून तो बायकोसमोर पोट धरधरून हसला, मग म्हणाला, बाबांचं डोकं गेलं. कात्री काढून घेतली, दुकानाला कुलूप ठोकलं. मास्तर सांगायला गेले, तर आता आराम करा म्हणत टीव्हीचा आवाज वाढवला. तेव्हा मास्तरांनी तोंड मिटलं ते मिटलंच. भोग म्हणावं आपल्या कर्माची फळं.

म्हातारपणी गुडघे दुखतात, कान दगा देतात, हे सगळेच सांगतात. पण घरच्यांनी तुमच्यादेखत तुमच्याबद्दल बोलणं कसं असतं, ते कुणी सांगत नाही. त्यांनी गोळी घेतली का? ते झोपले होते का? अरे, समोर बसलेल्या माणसाला विचारायला जीभ झिजते का? मास्तर जेवताना मुलाच्या हातातला चमचा डुगडुगताना बघत आणि गप्प बसत. खोटं कशाला बोला, त्यांना आतून गोड वाटायचं.

चार महिन्यांनी मुलगा नि सून त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. मास्तरांना समज उरली नाही असा दाखला मिळाला, की दुकान विकायला मुलगा मोकळा. त्याने बाह्यांची कहाणी मीठमसाला लावून सांगितली. बाईंनी मास्तरांना वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, घड्याळ काढायला लावलं. मास्तर कुठेच चुकले नाहीत. मग आजोबा, तेव्हाच कसे चुकलात, असं बाईंनी विचारलं.

"याच्याकडे बघून चुकलो," मास्तर म्हणाले. "याला जरा चालवा. उजव्या हाताकडे बघा. मग बटण लावायला सांगा."

मुलगा हसत उठला. चार पावलं चालला तोच बाई खुर्चीत सरसावून बसल्या. त्यांनी त्याची बोटं उघडमीट करायला लावली, मनगट फिरवून पाहिलं, दोन ओळी लिहायला सांगितल्या. अक्षर मुंगीएवढं. मग त्या सुनेकडे वळल्या आणि यांना हे कधीपासून होतंय, यांची झोप कशी आहे, असं विचारू लागल्या. मुलगा मध्येच बसून दोघींच्या तोंडाकडे बघत होता. मास्तरांच्या जिवाला काय थंडावा मिळाला म्हणून सांगू!

दाखला राहिला बाजूला, तपासण्यांची चिठ्ठी मुलाच्या नावाने निघाली. आधी आला असतात तर औषध आधीच सुरू झालं असतं, एवढं बाई म्हणाल्या.

बाहेरच्या बाकावर मुलाचा आवाज पार खाली आला होता. "बाबा, तुम्हाला चार महिने माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला अद्दल घडवायची होती. दुकानाची किल्ली दे."

सून पदराने डोळे पुसू लागली. मुलाने खिशात हात घातला. किल्ली बोटांना लागायची आणि निसटायची. सून मदतीला वाकली, तर मास्तरांनी तिला हाताने थांबवलं. किल्ली बाहेर यायला दोन मिनिटं लागली, आणि मास्तर तळहात पुढे करून तेवढा वेळ नुसते बसून राहिले.