तंबोऱ्यावरचे पाच डाग

तंबोरा पेटीत निजला होता, झाकणाला पहिला स्क्रू लागत होता, आणि आमचे पाटील सर केबिनमधून अनवाणी बाहेर आले. सर चपला विसरले म्हणजे प्रकरण गंभीर, हे आमच्या ऑफिसात सगळ्यांना पाठ आहे.

“पेटी उघडा,” ते म्हणाले. “आणि तुम्ही आत या.”

तुम्ही म्हणजे मी. मिरजेतून परदेशी जाणाऱ्या वाद्यांची कागदपत्रं मी करते. त्यातला एक कागद म्हणजे कंडिशन रिपोर्ट. वाद्य पेटीत जाण्याआधी त्याच्यावरची प्रत्येक खूण लिहायची. वाटेत काय झालं आणि आधीपासून काय होतं, यावरून पुढे भांडण होऊ नये म्हणून. हे भांडण मात्र माझ्या रिपोर्टनेच लावलं होतं.

तंबोरा इंग्लंडमधल्या एका बाईंच्या आईचा. आई गेली, भोपळ्याला तडा गेला, बाईंनी तो दुरुस्तीला आमच्याकडे धाडला. आमचे कारागीर नूरचाचा यांनी दोन महिने खपून तडा असा सांधला की बोटाला लागत नव्हता. मग मी ऐटीत चष्मा लावून पाहणी केली. भोपळ्यावर पाच डाग दिसले. मी टाइप केलं, ‘फाइव्ह स्टेन्स’, आणि रिपोर्ट बाईंना मेल केला.

बाईंचं उत्तर सरांनी वाचून दाखवलं. तंबोरा पाठवला तेव्हा त्यावर एकही स्टेन नव्हता. तुम्ही काय सांडलंत? आता पाठवू नका, माझा माणूस तपासायला येईल.

“स्टेन म्हणजे काय?” सरांनी विचारलं.

“डाग.”

“काहीतरी सांडून आत मुरलेला डाग. भोपळा भिजवला म्हणून तुम्ही लेखी कबुली दिलीय.”

भोपळा भिजला की मऊ पडतो, सांधा सुटतो, आवाज बसतो. वाद्य भिजवणारा कारागीर म्हणजे पेशंटच्या पोटात कापूस विसरलेला सर्जन. हे आता चाचांना सांगायचं कोणी? अर्थात मी.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. हातातली कानस खाली ठेवली.

“माझ्या हातनं पाणी लागलं म्हणती व्हय ती बाई?”

“तिनं नाही, मीच तसं लिहिलं, चाचा.”

“चाळीस वर्सं झाली. आजवर कुनी म्हनलं न्हाई.” मग हळूच म्हणाले, “पर बघाय पायजे, ताई. एखादा खरा असला तर?”

ही शंका माझ्या मनात आलीच नव्हती. आता आली ती जाईना.

आम्ही तंबोरा खिडकीशी घेतला. मला प्रायश्चित्ताची घाई झालेली. मी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि भोपळ्याकडे नेला. चाचांनी माझं मनगट धरलं.

“आवं, चपड्याचं, लाखेचं पालिश हाय ते. स्पिरिटनं सगळं विरघळून येईल. डाग ऱ्हाईल आन् पालिश जाईल.”

मी बोळा ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले. सरांनी इंग्रजीची मोठी डिक्शनरी मांडीवर घेतली. चाचा सुक्या मलमलीने पुसायचे, नख फिरवायचे, आणि सर शब्द शोधायचे.

पहिला डाग पुसल्याबरोबर गेला. माझ्याच बोटांचा. “स्मज,” सर म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. दुसऱ्यात नख अडकलं, तो स्क्रॅच. तिसरा तळहाताएवढा फिकट पट्टा. चाचा हसले. शेतात वेलावर असताना भोपळा ज्या बाजूवर टेकलेला असतो, तिथं असा पट्टा पडतो. तो जन्मखूण, त्याला काय पुसणार. चौथा काळसर, वरच्या अंगाला, जिथं गाणाऱ्याचा हात टेकतो. वर्षानुवर्षांचं तेल आणि घाम. सरांना डिक्शनरीत ‘पॅटिना’ सापडला, म्हणजे वापराने चढलेली झाक. ते एवढे खूश झाले की चपला घालून आले.

पाचवा पांढुरका, धुरकट, रुपयाएवढा. मलमलीने जाईना, नखाला लागेना. चाचांनी भोपळा उजेडाकडे कलता केला.

“ह्यो माझा,” ते शेवटी म्हणाले. “त्या दिवशी हवा लय दमट हुती. मी घाई केली. पालिशमधी ओल धरलीय.”

“भोपळा भिजलाय?”

“न्हाई. वरच्या वर हाय. पर माझाच हाय.”

पॉलिशवाले याला ब्लश म्हणतात. सर म्हणाले, “चाचा, गुपचूप काढून टाका. चारच लिहू.”

“पाच लिवलेत न्हवं? मग पाचाचं सांगा.”

मी पाचही लिहिले. फोटो जोडले, आणि पाचवा आमच्या हातून झाला, हेही. पाठवायचं बटण मी सरांच्या देखत दाबलं.

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. बाईंना तपासणारा माणूस नको होता. पाचवा डाग काढा, स्क्रॅच राहू दे, आणि चौथ्याला कृपा करून हात लावू नका, तो माझ्या आईचा आहे.

मी हे मोठ्याने वाचलं तेव्हा चाचांच्या हातात मलमल होती आणि ते नेमके चौथ्यापाशी होते. सौजन्य म्हणून तोही उजळून देऊ, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी हात असा मागे घेतला, जणू भोपळा तापलेला आहे.

चाचांनी पाचवा तेवढा काढला, चार दिवसांनी तंबोरा गेला आणि सुखरूप पोचला. तेव्हापासून मी कुठलाही डाग लिहिण्याआधी पुसून बघते. त्यातले निम्मे माझेच निघतात.