पाय आज कुठवर आला?

माझ्या जुन्या सहकारी वाघमारेबाई गेल्याचं शाळेच्या शिपायाने प्रार्थना चालू असतानाच माझ्या कानात सांगितलं. हृदयविकार… दीड महिना झाला, पण मला आठवत राहतो तो त्यांचा पाय.

शहात्तर साली आमच्या नाशिकरोडच्या शाळेच्या जिन्यात त्या घसरल्या. नडगीचं हाड मोडलं, ऑपरेशन करून धातूची पट्टी नि स्क्रू बसवले. काही महिन्यांनी एक्स-रेचा फोटो पाहून डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय. त्या एका शब्दाने बाईंचा घात केला. हाड जुळलं म्हणजे बाई बऱ्या झाल्या, असं सगळ्यांनी धरूनच टाकलं. पाय मात्र ठणकतच राहिला. लिहायला लाज वाटते, पण मीही एकदा म्हटलं, "बाई, आता मनातून काढून टाका ते." त्यानंतर त्यांनी माझ्यापाशी पायाचा विषय काढला नाही.

त्यांचे यजमान रेल्वेत बुकिंग क्लार्क. ते रोज विचारायचे, "पाय आज कुठवर आला?" बाई नाशिकरोडपुढच्या स्टेशनाचं नाव सांगायच्या, जितकं लांबचं स्टेशन तितकं दुखणं जास्त: देवळाली म्हणजे सोसवेल, घोटी म्हणजे शेक हवा, इगतपुरी म्हणजे झोपूनच राहायचं. पुढे एका नव्या डॉक्टरांनी विचारलं, कितपत दुखतंय? बाई सवयीने म्हणाल्या, "आज घोटीपर्यंत." डॉक्टरांनी ऐकलं घोट्यापर्यंत, आणि धडधाकट घोट्याचा फोटो काढायला पाठवलं. स्टाफरूममध्ये सगळ्यांना हे सांगताना बाई स्वतःच हसत होत्या. मीही हसले, आणि मग लक्षात आलं, सकाळपासून चार तास त्या फळ्यापाशी उभ्या होत्या.

"बाई, आत्ता कुठवर?" मी विचारलं.

त्यांनी खुर्ची ओढून घेतली. "इगतपुरीच आली म्हणा ना."

पुढचा तास मी घेतला. मग रोजच विचारू लागले. एक तास उभ्याने, एक बसून, मधल्या सुट्टीत पाय दुसऱ्या खुर्चीवर, असं आम्ही बसवून घेतलं. दुखणं काही गेलं नाही, पण बाईंनी पुढची दहा वर्षं नोकरी केली.

बाईंच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे बौद्ध रीतीने दिवसकार्याचा, विधी झाल्यावर एका संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. यजमान स्टोपाशी उभे राहून तव्यावर वाळूची पुरचुंडी गरम करत होते. मला पाहून ओशाळले, स्टो बंद केला. "या वेळेला हात आपोआप जातो," म्हणाले. मग पुरचुंडी खाली ठेवून पुढे बोलले, "तुम्ही पहिल्यांदा विचारलंत ना, त्या दिवशी ती घरी आल्यावर तुमच्याबद्दलच बोलत होती. म्हणाली, शाळेत माझं खरं मानणारं एक माणूस आहे."

त्याआधी मी काय म्हणाले होते, ते बाईंनी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.