नीतिशास्त्राचं वर्ष

साऱ्या वऱ्हाडात तत्त्वज्ञान खऱ्या अर्थानं कोणी शिकलं असेल, तर ते माझ्या खोलीसोबत्यानं. आम्ही बाकीच्यांनी नुसत्या परीक्षा दिल्या. तो सोनाळ्याचा, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातला, मी शेगावचा. मध्यप्रांत-वऱ्हाडाचा कारभार तेव्हा नागपुरातून चाले आणि कॉलेजही तिथंच, म्हणून आम्ही दोघं एका खोलीत येऊन पडलो. वर्गात जी शाखा सुरू होई, ती हा गृहस्थ त्याच दिवसापासून आचरणात आणी. तर्कशास्त्र चालू असताना खाणावळीच्या मावशी म्हणाल्या, उशिरा येणाऱ्याला जेवण नाही. यावरून वेळेवर येणाऱ्याला मिळेलच असं सिद्ध होत नाही, हे त्यानं त्यांना इतकं शांतपणे समजावलं की दुसऱ्या दिवशी वेळेवर गेलेले आम्ही सहाजण तासभर कोरड्या ताटांपुढं बसून होतो. पुढं ज्ञानमीमांसा आली. सुट्टीहून परतताना शेगावच्या फलाटावर त्यानं गार्डाला विचारलं, ही गाडी नागपूरची आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, की तुम्ही तसं मानता? गार्ड विचारात पडला, पण हिरवं निशाण त्यानं हलवलंच. मी आत, हा बाहेर. दुसऱ्या गाडीनं आला तो मोठ्या समाधानात. "तू इथं दिसला, म्हंजे ते गाडी नागपूरचीच होती," म्हणाला.

मग नीतिशास्त्राचं वर्ष आलं आणि त्यानं खोटं बोलणं बंद केलं. वर्गात मी झोपलो होतो, हे विचारलं म्हणून त्यानं प्राध्यापकांना सांगून टाकलं. एका मित्राच्या होणाऱ्या सासऱ्यांना मुलाच्या सवयी सविस्तर सांगितल्या. लोक त्याच्यापासून चार हात दूर राहू लागले, आणि खरं सांगायचं तर मीही.

त्याच सुमारास आमचे पुण्याहून आलेले नवे प्राध्यापक माणसाच्या स्वातंत्र्याविषयी बोलत होते. हा उभा राहिला. "सर, वेलीले मांडव आपण देतो. पण कोणीकडं वळायचं, ते मांडव नाही सांगत." वर्ग हसला. सगळ्यांत आधी हसलो मी. घरी मीही तसंच बोलत असे; पण नागपुरात येऊन मी 'मले', 'तुले' मोठ्या कष्टानं गिळून टाकलं होतं, आणि ते याच्या तोंडून असं सर्वांसमक्ष बाहेर पडलेलं मला सोसलं नाही. प्राध्यापकांना त्याचं बोलणं कळलंच नाही. तो खाली बसला.

पंधरा दिवसांनी तीच वेल, तोच मांडव मी चांगल्या इंग्रजीत निबंधात घातला. प्राध्यापकांनी तो वर्गात वाचून दाखवला आणि दृष्टान्त माझाच का, म्हणून विचारलं. मी हो म्हणालो. मागच्या बाकावरून कुणीतरी याचं नाव घेतलं. प्राध्यापकांनी त्याला उभं केलं. तो माझ्याकडं बघेना. खिडकीकडं बघत म्हणाला, "मले आठवत नाही, सर."

खोलीवर आल्यावर मी विचारलं, काऊन असं केलं? त्या घटकेला माझी सगळी पुणेरी गळून पडली होती. तो पायातल्या वहाणा काढत होता. "तुयी मान खाली गेलेली मले पाहवली नसती," म्हणाला. मग वहाणा कोपऱ्यात सारत, "एथिक्स मले अजून पुरतं समजलं नाही बे."

त्याच उन्हाळ्यात त्याचे वडील वारले आणि तो कॉलेजात परतलाच नाही. मी शिकलो, शिकवू लागलो. तो दृष्टान्त दरवर्षी मुलांना सांगितला, आणि तो कुणाचा हे एकदाही सांगितलं नाही.

बऱ्याच वर्षांनी एका लग्नासाठी सोनाळ्याला जाणं झालं. त्यानं मला हाताला धरून घरी नेलं. बायको, म्हातारी आई, दोन मुली ओसरीवर आल्या. "आमच्या खोलीत खरा शिकला तो हाच," त्यानं मोठ्या अभिमानानं सांगितलं. त्याच्या आईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. वेलीचा तो दृष्टान्त याचा, एवढं एकच वाक्य तेव्हा बोलायचं होतं. ओठांपर्यंत आलंही होतं. तेवढ्यात धाकटीनं चहाची कपबशी माझ्यापुढं धरली, आणि ती मी मान खाली घालून घेतली.